ॲडमिशन नसलेल्या पोरांचं बोर्डिंग

रात्री एक-दीडला कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर, कधीतरी जाऊन बघा. मी जातो, हौसेनं नव्हे, शिरोलीत फाउंड्रीतली सेकंड शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी तिथल्या गाड्यावर एक चहा मारायची सवय लागलीय कित्येक वर्षांची. नवख्या माणसाला तिथले सगळे प्रवासीच वाटतात, कुणी निपाणीकडच्या गाडीची वाट बघतंय, कुणी पुण्याची पहाटेची पकडणार. रोज जाणाऱ्याला मात्र फरक कळतो. प्रवाशाची बॅग पायाजवळ असते. ज्याला कुठंच जायचं नाही त्याची बॅग डोक्याखाली असते, पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला असतात आणि बूट काढून बॅगेत घातलेले असतात, कारण झोपेत बूट जातात.

त्यातलं एक पोरगं गेल्या पावसाळ्यात ओळखीचं झालं. वय १९. टीशर्ट धुतलेला, केस पाणी लावून विंचरलेले, भिकारी वगैरे कुणी म्हणणार नाही. मी आपलं नेहमीचं विचारलं, कुठला रं तू, तर म्हणाला गडहिंग्लजकडचा. मग घरी का जाईनास? त्यावर तो म्हणाला, "काका, आज हे इचारणारं तुमी चौथं."

मला लाज वाटली खरं तर. हळूहळू कळलं ते असं. आई लहानपणीच गेली, वडलांनी दुसरं लग्न केलं, हा चुलत्याकडं वाढला. चुलत्यानं आयटीआयला घातला, पण मधेच त्यांच्या पोरीचं लग्न निघालं आणि ह्याची फी मागं पडली, मग हा एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरकडं लागला फेटलिंगला, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला. खोली कॉन्ट्रॅक्टरचीच, अकरा पोरं, भाडं पगारातनं कापायचं. दिवाळीनंतर टायफॉईड झाला, पंधरा-वीस दिवस सरकारी दवाखाना आणि खोली असं चाललं, बरा होऊन कामावर गेला तर त्याच्या जागी दुसरा लागलेला, आणि कामावर दुसरा लागला म्हणजे खोलीतल्या गादीवर पण दुसराच आला. पुढच्या महिन्यात स्टँडवर मोबाईल गेला, त्याच्या कव्हरमधे आधार कार्ड होतं ते पण गेलं. बास, एवढंच. दारू नाही, मारामारी नाही, पोरगीचं लफडं नाही. टायफॉईड.

मी स्वतः सुपरवायझर आहे, अशी पोरं माझ्या हाताखाली पण असतात. कुणी चार दिवस आलं नाही की मी पण रजिस्टरला रेघ मारून कॉन्ट्रॅक्टरला फोन करतो, दुसरा पाठव म्हणून. तो रेघ मारलेला मुलगा त्या रात्री झोपला कुठं हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. हे लिहायचं कारण तेच.

आपल्या डोक्यात बेघर म्हणजे पुलाखालचा म्हातारा, अंबाबाईच्या देवळाबाहेर बसलेली आजी, नाहीतर डोक्यावर परिणाम झालेला दाढीवाला. १८ ते २४ चं धडधाकट पोरगं आपल्या हिशोबात बेघर नसतंच, ते "रिकामटेकडं" असतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर मोजले गेले, २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी झाली होती. आता सांगा, जो त्या रात्री ट्रकच्या केबिनमधे झोपला, हॉटेलच्या माळ्यावर भांड्यांच्या शेजारी झोपला, गॅरेजच्या शटरमागं झोपला, तो मोजला कसा जाणार? छताखालीच होता की तो. फक्त ते छत त्याच्या कामाला बांधलेलं होतं, काम सुटलं की छत सुटलं. तरुण बेघर लोकांना दिसत नाही तो असा, तो आज छताखाली असतो, उद्या नसतो, परवा परत असतो.

आणि हे कुठं घडतंय, तर कोल्हापुरात. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ उभं राहून सभोवार नजर फिरवा, बोर्डिंगंच बोर्डिंगं. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग लिंगायत, मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, एकामागून एक. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. महाराजांना एक साधी गोष्ट कळली होती, खेड्यातलं पोरगं हुशार नाही म्हणून मागं राहात नाही, शाळा आहे तिथं त्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही म्हणून मागं राहतं. शाळा काढून भागत नाही, अंथरूण पण द्यावं लागतं. हे सव्वाशे वर्षांपूर्वी.

कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट आपल्याला पाठ असते पण आपण ती नीट ऐकत नाही असं मला वाटतं. शिकायला कोल्हापुरात होते, बोर्डिंगमधे राहायचे, मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आले म्हणून आंघोळ करून आत ये म्हटलं, त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंगमधनं बाहेर निघायची पाळी आली. म्हणजे कोल्हापुरात रस्त्यावर आलेलं एक विद्यार्थी पोरगंच की ते त्यावेळी! महाराजांनी त्यांना थारा दिला. पुढं त्याच माणसानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग चालवलं, आणि त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्याला आसरा मिळाला त्यानं पुढं हजारोंना दिला. थारा नसता मिळाला तर, हा विचार मी स्टँडवर चहा पिताना बऱ्याचदा करतो.

पण बोर्डिंगची एक अट पहिल्यापासून होती आणि ती आज जास्तच घट्ट झालीय, ती म्हणजे ॲडमिशन. विद्यार्थी असशील तर सगळं आहे. अनुसूचित जातीच्या पोरांना वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, खोलीभाडं आणि जेवणाचे पैसे खात्यावर येतात, आदिवासी पोरांना स्वयंम आहे, मराठा समाजातल्या पोरांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे, ओबीसींसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आहे. पैसे वेळेवर येत नाहीत वगैरे तक्रारी आहेत, त्या वेगळ्या, पण योजना आहेत आणि असायलाच पाहिजेत. फक्त ह्यातल्या प्रत्येक फॉर्मला बोनाफाईड, म्हणजे इथं शिकतोय असा कॉलेजचा दाखला, लागतं. फीअभावी ज्याचं कॉलेज सुटलं त्याचं बोनाफाईड पण सुटतं, आणि कॉलेज सुटलेल्या पोराला तर छपराची गरज जास्त असते, म्हणजे ज्या दिवशी गरज वाढली त्याच दिवशी पात्रता गेली.

दुसरीकडं वयाचं बघा. अठराच्या आतल्या पोरासाठी कायदा बऱ्यापैकी खंबीर आहे. १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाईनला फोन लागतो, सापडलेलं पोर २४ तासात बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, बालगृहं आहेत, आपल्याकडं बालकल्याण संकुलासारखी जुनी जागा आहे. बालगृहातनं अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची म्हणजे आफ्टरकेअरची तरतूद आहे, २१ वर्षांपर्यंत, मिशन वात्सल्यमधनं महिन्याला ४,००० रुपये पण मिळू शकतात. चांगलंय. पण त्यासाठी आधी संस्थेत वाढलेलं असावं लागतं. आमचं हे पोरगं चुलत्याकडं वाढलं. म्हणजे कागदावर त्याला घर होतं. चुलता काही वाईट माणूस नव्हे हो, त्याला पण दोन खोल्या आणि पाच माणसं, कुणाकुणाला बोल लावणार.

मग उरतो काय तर बेघर निवारा. सुप्रीम कोर्टानं २०१० च्या सुमारास थंडीत माणसं मेली तेव्हा सरकारांना फैलावर घेतलं, त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्याची योजना आली, शहरात दर १ लाख लोकसंख्येमागं चोवीस तास चालू असणारा एक निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ ला साडेपाच लाखाच्या आसपास होती, म्हणजे त्या मापानं पाच तरी पाहिजेत. पण मी आकड्यावर भांडत नाही, कारण उद्या पाचाचे दहा केले तरी ते पोरगं तिथं जाणार नाही. मी त्याला म्हटलं होतं, चल तुला निवाऱ्यात सोडतो. तर म्हणाला, "नको काका, तितं आजारी म्हातारी मानसं असत्यात, आनि एकदा तितं गेलो की मग मी तसलाच हुतो."

मी तसलाच हुतो. ह्या वाक्यावर मी किती दिवस अडकलो होतो. सुरवातीला राग आला, म्हटलं माज आहे, उपाशी आहे तरी चोखंदळपणा. नंतर पटलं. म्हाताऱ्या आजारी माणसाला निवारा म्हणजे शेवटचा थांबा असतो, त्याला जेवण, औषध आणि कुणीतरी उठवून बसवणारं पाहिजे असतं, आणि अवनी, एकटी सारख्या संस्थांनी गावात ज्यांना कुणी विचारत नाही अशा बायापोरांसाठी जे केलंय ते बघितलं की हात जोडावेसे वाटतात. पण वीस वर्षांच्या पोराला थांबा नको असतो, बदलीची गाडी पाहिजे असते. दोघांना एकाच हॉलमधे गाद्या टाकून झोपवायचं आणि पोरगं आलं नाही की म्हणायचं बघा गरजच नाही, हे बरोबर नाही.

मग त्याला पाहिजे काय? मी त्यालाच विचारलं. मला वाटलं म्हणेल जेवण, झोपायला गादी. तो म्हणाला कुलूप. कुलूप लागणारी पेटी. म्हणजे आयटीआयचं पहिल्या वर्षाचं मार्कशीट, चार कपडे, हे ठेवून कामाला जाता आलं पाहिजे, बॅग पाठीला लावून गेटवर मुलाखतीला गेलं की वॉचमनच परत पाठवतो. आमच्या चहावाल्या मामांच्या गाड्याखाली ताडपत्रीत अशा पोरांच्या बॅगा असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मामा प्रत्येक बॅगेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात, नाव नाही लिहीत, गाव लिहितात. चंदगड, जत, आजरा, अथणी. एक पैसा घेत नाहीत, फक्त पहाटे पाचच्या आत न्यायची म्हणतात कारण नंतर अतिक्रमणवाले येतात. आख्ख्या शहरात तरुण बेघरांसाठी खरं काम करणारी जागा मला दिसली ती ही, तीन फूट बाय दोन फूट.

दुसरी गोष्ट पत्ता. आजकाल झाडू मारायच्या कामाला पण गेटपासला आधार लागतं, पगाराला बँक खातं लागतं, पीएफचा नंबर काढायला मोबाईलवर ओटीपी लागतो, आणि मोबाईल गेला की नवीन सिमला परत आधार. एक दोरा तुटला की सगळी वीण उसवते. अंगठ्यावर आधार परत मिळतं, नंबर बदलून मिळतो, पण कुठल्या केंद्रावर जायचं, काय बोलायचं हे सांगणारं कुणीतरी शेजारी असावं लागतं ना. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर तो आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, ही सोय आहे बरं का. एका सहीत पोराला पत्ता मिळू शकतो. मतदार यादीचं तर अजून मजेशीर आहे, बेघर माणसानं मी अमुक ठिकाणी झोपतो म्हणून फॉर्म भरला तर निवडणुकीचा कर्मचारी रात्री येऊन तो खरंच तिथं झोपतो का बघून जातो. मत घ्यायला रात्री येतात आणि झोपायला गेलं की पोलीस उठवतात. पोलिसांचं पण काय सांगायचं, रात्री संशयास्पद फिरताना सापडला म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ लावायची मुभा त्यांना आहेच, आणि ज्याला झोपायला जागाच नाही तो रात्री फिरणार नाही तर काय करणार.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला नवीन काही शोधायचं नाही, निवारा हा शब्द या पोरांपुरता बाजूला ठेवूया आणि बोर्डिंग काढूया. ॲडमिशन नसलेल्यांचं बोर्डिंग. वीस-पंचवीस कॉट, शंभर नको, शंभर झाली की रेक्टरला नावं पाठ राहात नाहीत. स्टँड किंवा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा, गावाबाहेर माळावर नको. पहिल्या रात्री कागद न मागता आत घ्यायचं, कागद काढायला पंधरा दिवस. चोवीस तास उघडं, कारण थर्ड शिफ्टवाला पोरगा सकाळी आठला झोपायला येतो आणि रात्रीपुरता निवारा त्याच वेळी माणसं बाहेर काढतो. काम लागलं की दुसऱ्या महिन्यापासून थोडं भाडं घ्यायचं, फुकट नको, फुकटाचं पोरांनाच नको असतं. स्वयंपाक आळीपाळीनं पोरांनीच करायचा. सहा महिने मुदत, लागली तर वाढवायची, पण बसून विचार करून वाढवायची. आणि एक रेक्टर, जो रात्री अकराला कोण आलं नाही हे बघून फोन लावेल. मला वाटतं छप्पर, कुलूप, पत्ता ह्या सगळ्यापेक्षा हा फोन महत्त्वाचा आहे. आमच्या पोरानं फाउंड्री सोडली, दवाखान्यात पडला, स्टँडवर आला, दोन-तीन महिने गेले त्यात, कुणीतरी एकदा "आहेस कुठं" म्हणून विचारलं असतं तर गाडी स्टँडपर्यंत आली नसती.

पैसे कुणी द्यायचे? इथं शाहू महाराजांचाच हिशोब वापरायचा. त्यांनी जागा दिल्या, मदत दिली, पण प्रत्येक बोर्डिंग त्या त्या समाजानं आपलं म्हणून चालवलं, आपली पोरं म्हणून. बोर्डिंगं जातवार होती म्हणून आज काहीजण नाक मुरडतात, पण आपलं पोरगं ही भावना होती म्हणून ती टिकली हे पण खरं. मग ह्या पोराचा समाज कुठला? जातीचं सर्टिफिकेट त्याच्याकडं असेल, पण त्या जातीतलं कुणी त्याला हुडकत नाही. माझं उत्तर आहे, एमआयडीसी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, ह्याच्या हातानं यांचं कास्टिंग घासलं गेलं, ह्याच्या फुफ्फुसात यांचीच धूळ आहे. आणि कारखानदारांच्या प्रत्येक बैठकीत रडगाणं एकच, कामाला माणसं मिळत नाहीत. अहो मिळत नाहीत काय, स्टँडवर झोपल्यात की! मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, घालावेच लागतात. त्या कायद्याच्या यादीत महिलांची आणि अनाथांची वसतिगृहं आहेत, वृद्धाश्रम आहेत, वीस वर्षांच्या पोराचं नाव घेऊन काही नाही, पण गरिबी आणि रोजगाराच्या कौशल्याचं कलम आहे त्यात हे आरामात बसतं. महापालिकेनं एक जुनी इमारत द्यायची, कारखान्यांनी चालवायची.

हे बोललं की लोक लगेच म्हणतात, सोय केली की घर सोडून येणाऱ्यांची लाईन लागेल. मी म्हणतो लागू दे. बोर्डिंगं निघाली तेव्हा पण खेड्यातनं पोरांची लाईन लागली होती, त्या लाईनीचंच तर आपण कौतुक करतो. दुसरं म्हणतात समजूत काढून घरी पाठवा. बरोबर, बारावीत कमी मार्क पडले म्हणून पळालेलं किंवा मोबाईलच्या गेममधे बापाचे वीस हजार घालवून पळालेलं पोरगं पहिल्या दोन रात्रीत घरी पाठवता येतं, आणि पाठवावंच. पंधरा दिवसांनी नाही, तोवर त्याला स्टँडवरच्या दुसऱ्या ओळखी झालेल्या असतात, कुणी हुंगून नशा करायचं सोल्युशनचं फडकं हातात दिलेलं असतं. म्हणजे घरी पाठवायला पण पहिल्या रात्रीची जागा लागतेच. आणि काहींना घरीच मार असतो, काहींना चालण्याबोलण्यावरनं बायल्या म्हणून हाकललेलं असतं, त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं घरी जा. काही पोरं चोऱ्या करतील, पिऊन येतील, हो करतील, कॉलेजच्या हॉस्टेलात काय सगळे वारकरी राहतात?

पोरींचं मी मुद्दाम शेवटी घेतोय कारण तिथं मला पुरतं उत्तर नाही. स्टँडवर मुलगी झोपलेली दिसत नाही ह्याचा अर्थ पोरी बेघर होत नाहीत असा नाही, त्या एका रात्रीच्या वर स्टँडवर राहूच शकत नाहीत, कुणी ना कुणी घेऊन जातं, आणि कुठं नेतं ते सांगायला नको. संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत ठेवतात. जातीबाहेर लग्न करून घरातनं तुटलेल्या पोरीला पाच दिवसांत काय होणार, सहाव्या दिवशी तिचा भाऊ दारात. तिला हे बोर्डिंग वेगळं, जास्त आडोशाचं लागेल आणि ते चालवायचं काम आमच्यासारख्यांनी नव्हे, बायकांनीच ठरवायला पाहिजे.

राहता राहिल्या आपल्या तालमी. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, आजपण खेड्यापाड्यातली पैलवान पोरं तिथं राहतात, स्वतः रांधून खातात, वस्तादाच्या धाकात असतात. पेठेतल्या जुन्या माणसांना विचारा, घरात जागा नाही म्हणून तालमीत झोपायला जाणारी निम्मी गल्ली असायची. पूर आला की सुतारवाड्यातली माणसं चित्रदुर्ग मठात जातात, कुणी त्यांना बेघर म्हणत नाही, पाणी उतरेपर्यंत राहतात आणि मान ताठ ठेवून घरी जातात. तशीच चार कॉट एका तालमीत, चार दुसऱ्या तालमीत, बोर्डिंग व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील तोवर एवढं तरी.

म्हणून गेल्या महिन्यात मी, चहावाले मामा आणि आमच्या प्लांटमधला मेंटेनन्सवाला, असे तिघं एका तालमीच्या कार्यकर्त्यांकडं जाऊन आलो. तालमीचं नाव लिहीत नाही, पोरं चांगली आहेत. वरचा हॉल बंदच असतो, झांजा आणि मंडपाचं सामान भरून ठेवलंय. ऐकून घेतलं सगळं, चहा पाजला, एकानं तर कॉट माझ्याकडनं म्हणून सांगितलं. सामान कुठं हलवायचं ह्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, गणपती झाल्यावर बघूया.

गणपतीला अजून अडीच महिने आहेत. मामांच्या ताडपत्रीखाली काल रात्री आठ बॅगा होत्या.